लाकडात कापलेली रांगोळी

सुतार लाकूड जागेवर धरतो आणि करवत चालवतो. माझ्या कामात उलटं असतं. करवत एका जागी वरखाली होत राहते आणि लाकूड दोन्ही हातांनी तिच्याभोवती फिरवावं लागतं. करवत म्हणजे तरी काय, सुतळीहून बारीक, बोटभर लांबीचं एक पातं. यंत्राच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात ते ताणून बसवायचं. त्यानं सरळ फळ्या कापत नाहीत. नक्षी, जाळी, अक्षरं, वेलबुट्टी असलं वळणाचं काम कापतात. यंत्राचं खरं नाव स्क्रोल सॉ. अंबाजोगाईच्या आमच्या गल्लीत मात्र त्या नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. पातं सुईसारखं वरखाली होतं म्हणून लोक मला ‘लाकडाचा शिंपी’ म्हणायचे.

आम्ही लिंगायत वाणी. घाटनांदूरला वडिलांचं किराणा दुकान होतं, ते आता भाऊ आणि पुतणे बघतात. मी तिथून उठून अंबाजोगाईला आलो आणि लाकडात हात घातला, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, “तराजू सोडून करवत कामून धरली बे?” साखर जोखताना गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं आणि जाळी कापताना कुणाशी बोलावं लागत नाही, हे त्या वयात मला फार सोयीचं वाटलं असावं. पुढं तेच महागात पडलं.

बाहेरच्या माणसाला हे काम जादूसारखं वाटतं, म्हणून थोडं उलगडून सांगतो. आधी कागदावर नमुना काढायचा. तो खळीनं लाकडावर चिकटवायचा. वरून पारदर्शक चिकटपट्टी मारायची, म्हणजे पातं तापून लाकूड काळं पडत नाही. मग जिथं जिथं पोकळी हवी, तिथं बारीक भोक पाडायचं. पात्याचं वरचं टोक सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा जबड्यात अडकवून ताणायचं आणि आतला तेवढा तुकडा कापून काढायचा. पुन्हा सोडवायचं, पुढच्या भोकात ओवायचं. आतली बारीक भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर धरायला जागा राहत नाही आणि नाजूक काम हातात मोडतं.

लाकडाचे स्वभाव असतात. सागवान दिसायला देखणं, पण त्याच्या पोटात बारीक कच असते, पातं लवकर बोथटतं. शिसम कडक आणि मानी, घाई केली की पातं तोडतं. प्लायवूड गरिबाचा मित्र, पण स्वस्तातल्या प्लायच्या आत कुठं पोकळी निघेल ते सांगता येत नाही. मला सगळ्यात आवडायचं हळदूचं लाकूड. फिकट पिवळं, सगळीकडं सारखं. त्याच्यावर पातं कुठंही न्या, ते कुरकुर करत नाही. आता ते मिळत नाही म्हटलं तरी चालेल.

या धंद्याचा एकच नियम मी आयुष्यभर पाळला: कापल्यावर जे कशालाच जोडलेलं राहत नाही, ते खाली पडतं. ऐकायला सोपा वाटतो, पण सगळी डोकेफोड त्याचीच. आपली देवनागरी त्या बाबतीत गुणी. सगळी अक्षरं शिरोरेघेला लटकलेली, त्यामुळं नावाची पाटी एकसंध निघते. वैर फक्त अनुस्वाराशी. तो शिरोरेघेच्या वर एकटा तरंगत असतो. कापला की गेला. त्याला केसाएवढा एक दांडा ठेवून खाली जोडावं लागतं. त्या दांड्याला आम्ही ‘पूल’ म्हणतो. मी पाट्या केलेल्या घरांमध्ये कुणी शिंदे किंवा लोखंडे असेल, तर त्याच्या अनुस्वाराखाली बारीक देठ दिसेल. तो माझा.

याच पुलावरून एकदा भलताच प्रसंग आला होता. आमच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी त्यांचा चेहरा लाकडात कापून घेतला. चेहरा कापणं म्हणजे उजेड काढून टाकायचा आणि सावली ठेवायची. साहेबांची मिशी भरघोस आणि ओठापासून सुटी. तिला आधार द्यायला मी नाकाखाली एक पूल ठेवला. बघायला साहेब स्वतः आले. चेहरा उजेडावर धरून त्यांनी विचारलं, “नाकाखाली हे काय वाहतंय बे?”

मी म्हटलं, “साहेब, त्यो पूल हाय. काढला तर मिशी पडंल.”

साहेबांनी एकदा मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे मग.”

त्यानंतर कित्येक वर्षं आमची गल्ली मला बघून मिशीवरून हात फिरवायची. गंगा, म्हणजे माझी बायको, तर पाहुण्यांना चहाबरोबर ही गोष्टही द्यायची. ती सांगताना मी शेजारी बसून ऐकायचो. तिच्या तोंडून ती जास्त बरी वाटायची.

गंगा गेली आणि त्याच सुमाराला गावात लेझरची यंत्रं आली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण माझ्या मनात त्या एकत्रच आहेत. लेझरवाल्या पोराच्या दुकानात तुम्ही मोबाइलवरून नाव पाठवायचं, चहा संपायच्या आत पाटी तयार. कड जळून काळी होते खरी, पण लोकांना ती काळी कडच आवडायला लागली. मी त्यांना दोष देत नाही. माझा मुलगा महेश पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला गेला. वास्तुशांतीला मी सागवानी पाटी कापून नेली होती. दारावर आधीच एक लागलेली होती, सगळ्या फ्लॅटना सारखी, बिल्डरनं दिलेली, लेझरची. सोसायटीचा नियम होता. महेश ओशाळला. सूनबाईंनी माझी पाटी हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली. घराच्या आत, घरातल्याच माणसांना त्यांचं आडनाव सांगत ती तिथं अजून आहे.

महेश म्हणायचा, अप्पा, आता बंद करा, इकडं या. मी दोनदा जाऊन राहिलोही. तिथं सगळे चांगले वागतात. पण सकाळी सगळे निघून गेले की लिफ्टचा आवाज तेवढा सोबतीला. तेवढं एकटेपण अंबाजोगाईतही मिळतं, असं म्हणून मी परत आलो.

परत आल्यावर कळलं की इथलं एकटेपण वेगळं आहे. दुकान उघडायचं, यंत्राची धूळ झटकायची, समोर बघत बसायचं. समोर रशीदभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांचीही तीच गत, पण त्यांच्याकडं निदान पंक्चरवाले यायचे. कधीकधी दिवेलागणीला कुलूप लावताना लक्षात यायचं की आज आपला आवाज आपण ऐकलेलाच नाही. मग उगीच कुलपाशी काहीतरी बोलायचो.

अशा दिवसांत कुलकर्णीबाई आल्या.

इंदुमती कुलकर्णी, बीडच्या. कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केलेल्या, निवृत्त, लग्न न केलेल्या. शिडशिडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी दारातूनच विचारलं, इथं लाकूड कापायला शिकवतात का? मी म्हटलं, इथं पाट्या करून मिळतात. त्या म्हणाल्या, पाटी नको, मला शिकायचंय.

हौसेनं हे काम करणारे लोक असतात हे मला माहीत होतं. मोठ्या शहरांत निवृत्त माणसं घरी छोटं यंत्र घेतात आणि नातवंडांना हत्ती-घोडे कापून देतात. पण बीडहून एसटीनं कुणी बाई त्यासाठी येईल, असं वाटलं नव्हतं. मी त्यांना एवढ्या लांबून यायचा त्रास सांगितला. त्या म्हणाल्या, “त्रास कसला? बायकांना अर्धं तिकीट आहे. आणि घरात बसण्यापेक्षा गाडीत बरं. माणसं तरी असतात.”

मी स्टूल पुढं केलं.

शिकायचं कारण त्यांनी दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला सांगितलं. त्या आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, दोघीच बीडच्या घरात राहत. अक्कानं घर सांभाळलं, बाईंनी नोकरी केली. अक्का रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. बाई कोर्टात जाताना ती ओलांडून जायच्या. उशीर झालेला असायचा, बघायला वेळ नसायचा. पण रोज बघितलेलं डोळ्यांत राहतं. अक्का वारली, तेव्हापासून दारात काही नव्हतं. बाईंचे गुडघे वाकत नव्हते, आणि रांगोळी त्यांना येतही नव्हती. “पुसली जाणार नाही अशी करून दाराशेजारच्या भिंतीवर लावायचीय,” असं त्या म्हणाल्या. करून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. स्वतःच करायची होती.

शिकवताना मला माझंच काम नव्यानं दिसलं. नवा माणूस लाकूड पुढं ढकलतो. ढकललं की पातं वाकतं आणि रेघ सोडतं. लहान लेकराला घास भरवतात तसं लाकूड पात्याला भरवायचं. ते जेवढं खाईल तेवढंच द्यायचं. टोकाशी वळताना पुढं जायचं नाही, जागच्या जागी गर्रकन फिरायचं. दरेक पात्याला एका अंगाला ओढायची खोड असते, ती ओळखून लाकूड जरा तिरकं धरायचं. बाईंचं पहिलं पातं पहिल्याच वळणावर तुटलं. दुसरंही. त्या मान वर न करता म्हणाल्या, “न्यायाधीशसाहेब भरभर बोलायचे तेव्हा पेन्सिलीची टोकं अशीच मोडायची.” आणि तिसरं पातं स्वतः बसवलं.

आठवड्यातून एकदा त्या येत. डबा आणत. दुपारी यंत्र बंद करून आम्ही दोघं आपापला डबा खायचो. माझ्या डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि खानावळीची भाजी. त्या न विचारता लोणचं वाढायच्या. दुकानाची फळी रस्त्याकडं सताड उघडी असायची, तरी बोलणारे बोलले. रशीदभाईंनी एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं की लोक असं असं म्हणतात. मग स्वतःच म्हणाले, “बोलने दो अप्पा. तुम हसने लगे हो आजकल, हमकू दिखता नै क्या?”

मी हसायला लागलो होतो हे मला माहीत नव्हतं.

कमळाच्या रांगोळीवरून आमचं भांडण झालं. अक्काची ती खास रांगोळी, बाईंनी आठवून कागदावर उतरवलेली. बाहेर एकमेकांत गुंतलेले वेढे आणि मधोमध एक कमळ. वेढे एकमेकांना छेदत होते, त्यामुळं ते एकसंध निघाले असते. पण मधलं कमळ कशालाच टेकलेलं नव्हतं. मी पेन्सिलीनं चार पूल दाखवले. बाईंनी ते खोडरबरानं पुसले.

“अक्कानं तिथं रेघ काढली नव्हती,” त्या म्हणाल्या.

मी समजावलं. जमिनीवर रांगोळीला जमिनीचा आधार असतो, लाकडात तो नसतो. वाटलं तर मागं फळी लावू, तिच्यावर कमळ चिकटवू. त्यांना फळीही नको होती. भिंत आरपार दिसायला पाहिजे, दारातली फरशी दिसायची तशी. मी म्हटलं, मग होणार न्हाई. त्या कागद गुंडाळून पिशवीत घालून निघून गेल्या.

तो आठवडा मी फार वाईट काढला. चार रेघांवरून माणूस घालवला, असं वाटत राहिलं. पण ठरल्या दिवशी त्या आल्या. कागद उलगडून टेबलावर ठेवला. वेढ्यांपासून कमळापर्यंत त्यांनी स्वतः रेघा ओढल्या होत्या. मी दाखवलेल्या जागी नव्हे, दुसरीकडं, आणि माझ्याहून चांगल्या. पाकळीच्या टोकाला लागून देठासारख्या जात होत्या.

“अक्कानं काढल्या नव्हत्या,” त्या म्हणाल्या. “मी काढल्या. चालतंय ना?”

मी मान हलवली. माझ्याकडं हळदूची एक जुनी फळी राहिली होती. ती कशासाठी जपून ठेवली होती ते मलाही ठाऊक नव्हतं. ती काढून रंधून दिली. त्यांनी कमळाची रांगोळी तिच्यावर चिकटवली आणि आतली भोकं कापायला सुरुवात केली.

मधलं कमळ पुरं झालं. बाहेरचे वेढे अर्धे झाले. आणि बाईंचं येणं थांबलं.

एक आठवडा गेला. एसटीचं काही झालं असेल म्हटलं. दुसरा गेला. फोन लावला, वाजत राहिला. रशीदभाई रोज संध्याकाळी विचारायचे, मी मान हलवायचो. गिऱ्हाइकाच्या घरी आपण होऊन मी जन्मात कधी गेलो नव्हतो. पण अर्धी कापलेली ती फळी मला दुकानात बसू देईना. शेवटी एका सकाळी तिला जुन्या धोतरात गुंडाळलं आणि बीडच्या गाडीत बसलो.

पत्ता माझ्याकडं नव्हता. बीडच्या स्टँडवर रिक्षावाल्यांना विचारलं, कोर्टातल्या कुलकर्णीबाई माहीत हायत का? एकानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग म्हणाला, बसा. त्याच्या बापाची शेताची केस चालली होती, तेव्हा बाईंनी तारखेचा कागद वाचून समजावून सांगितला होता म्हणे. कोर्टाच्या मागच्या वसाहतीतल्या एका बैठ्या घरासमोर त्यानं मला सोडलं. दारापुढची फरशी धुतलेली, कोरी.

बाईंनी दार उघडलं. मला बघून त्या घाबरल्या, की ओशाळल्या, ते कळलं नाही. आत बसवलं, पाणी दिलं. चहा केला. कप घेऊन आल्या तेव्हा तो बशीत वाजत होता. टेबलावर ठेवेपर्यंत अर्धा चहा बशीत आला होता. त्यांनी हात पदराखाली घेतले.

मला सगळं समजलं. तरी त्यांनीच सांगितलं. उजवा हात आधीपासूनच थोडा थरथरायचा. आता दोन्ही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं होतं. आयुष्यभर या हातांनी दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेतलं, कुणाचा शब्द चुकू दिला नाही, आणि आता स्वतःची सही येत नाही, असं म्हणून त्या खिडकीकडं बघत राहिल्या.

मी धोतराची गुंडाळी सोडून फळी टेबलावर ठेवली. म्हटलं, बाई, उरलेलं मी कापतो. तुम्ही नुसतं शेजारी बसून सांगा.

त्यांनी कमळावरून बोट फिरवलं. “मग ती तुमची होईल, अप्पा.”

त्यांचं खरंच होतं. मी चहा प्यालो. बशीतला कपात ओतून, सगळा. निघताना म्हटलं, “या तुमी. हात थरथरू द्या. आपल्याकडं करवत जागेवर असते.”

येताना गाडीत मी विचार करत होतो. परळीच्या बाजूला एका म्हाताऱ्या शिंप्याच्या मनगटाला मी जाड पट्टा बांधलेला बघितला होता. जड हात कमी थरथरतो असं तो सांगायचा. रशीदभाईंच्या घरात बोललो. त्यांच्या बेगमनं जाड कापडाच्या दोन अरुंद थैल्या शिवल्या, बंद लावले. मी चाळलेली वाळू भरली. यंत्राच्या दोन्ही बाजूंना कोपरं टेकायला उशांसारखे लाकडी ठोकळे ठोकले, वर गोधडीचे तुकडे मारले. यंत्राचा वेग कमी केला. मग वाट बघत बसलो.

त्या आल्या. त्यांनी थैल्यांकडं बघितलं आणि मनगटं पुढं केली. बंद मी बांधले. एवढ्या दिवसांत त्यांच्या हाताला माझा हात लागला तो तेवढाच.

थरथर कमी झाली, गेली नाही. जे काम त्यांनी आधी एका बैठकीत केलं असतं, त्याला आता कितीतरी खेपा लागल्या. कधी एकच वेढा व्हायचा आणि त्या दमून भिंतीला टेकायच्या. मी पातं ओवून द्यायचो, तेवढी सवलत त्यांनी घेतली. लाकडाला मी हात लावला नाही. लावावासा फार वाटायचा. पातं रेघ सोडून जाताना समोर दिसत असतं आणि आपण दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं, हे मला माझ्या सगळ्या कारागिरीपेक्षा अवघड गेलं.

शेवटी बाहेरची कड कापून झाली. मी कागद सोलला, काचपेपर मारला, चंद्रसाचं पॉलिश दिलं. उजेडावर धरून बघितलं. मधलं कमळ रेखीव होतं. बाहेरच्या वेढ्यांच्या रेघा मात्र थरथरत गेलेल्या. कुठं जाड, कुठं बारीक, कुठं नागमोडी. माझ्या दुकानातून असं काम मी कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. बाईंना काय वाटेल या काळजीतच मी ती त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ बघितली.

“शेवटी शेवटी अक्काची अश्शीच यायची,” त्या म्हणाल्या. “मी घाईत ओलांडून जायचे, पण दिसायचं. मला वाटायचं, हिचं लक्ष नाही.”

रशीदभाई रस्ता ओलांडून आले, रांगोळी बघितली, ‘माशाल्ला’ म्हणाले आणि परत गेले. त्या दिवशी बाईंना स्टँडपर्यंत मी पोचवलं. फळी मी धरली होती. गाडी लागल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली आणि खिडकीतून मला हात केला.

ती त्यांच्या दाराशेजारी लागली. पण त्या घरात त्यांना फार दिवस राहता आलं नाही. नाशिकला भाचा असतो, तो येऊन घेऊन गेला. एकटीला ठेवणं बरं नव्हतं, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाशिकचं घर वरच्या मजल्यावर आहे. रांगोळी त्यांनी बरोबर नेली. ती आता त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे, म्हणजे त्यांना पडल्यापडल्या दिसते.

जायच्या आधी त्या दुकानात आल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या की निरोप घ्यायला आले तर गाडीत बसायचं होणार नाही. मी बरं म्हटलं. त्यानंतर पुन्हा तेच दिवस सुरू झाले. फक्त आता शेजारच्या स्टुलावर मी काही ठेवत नव्हतो आणि दुपारचा डबा खायची वेळ कधी व्हायची तेही कळायचं नाही. माणूस नसण्याची मला सवय होती. येऊन गेलेलं माणूस नसणं, हे वेगळं निघालं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. भाचेसून बाहेर गेली होती. तब्येतीचं बोलून झालं, पावसाचं झालं. मग दोघांकडंही बोलायला काही उरलं नाही. फोन ठेवतील असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, “अप्पा, यंत्रावर काही लावलंय का?”

मी म्हटलं, हो, एका देव्हाऱ्याची जाळी हाय.

“मग करा तुमचं काम. फोन तिथंच ठेवा.”

मी फोन यंत्राच्या कडेला, भुशावर ठेवला आणि यंत्र चालू केलं. एक भोक कापून झालं, पातं सोडवलं, दुसऱ्यात ओवलं. मधेच कानाला लावून बघितलं. पलीकडं त्या होत्या. श्वास ऐकू येत होता. मी परत खाली ठेवला.

आता आठवड्यातून एकदा तसा फोन येतो. त्यांचं बोलणं हळूहळू कमी होत चाललंय, आवाजही बारीक झालाय. कधीकधी नुसतं “हं, करा” एवढंच. रशीदभाईंना माहीत आहे. त्या वेळेला ते समोर ठोकाठोकी करत नाहीत.

खरं सांगायचं तर आता माझ्याकडं जाळ्या येत नाहीत. लेझरनं त्याही नेल्या. परवा फोन आला तेव्हा यंत्रावर काहीच नव्हतं. बाईंनी विचारलं, काय चाललंय? मी कोपऱ्यातला प्लायचा एक तुकडा उचलला आणि म्हटलं, मोठं काम हाय बाई, वेळ लागंल. फोन कडेला ठेवला, पातं ताणलं, आणि कसलाही नमुना न चिकटवता लाकूड फिरवत राहिलो.